बिस्किटच्या डब्यातले माझे फोटो

आईकडे बिस्किटचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. इतरांच्या घरी अशा डब्यात सुया-दोरे, बटणं वगैरे असतात, आमच्याकडे माझे पासपोर्ट साइज फोटो आहेत. फोटो स्टुडिओवाला आठ देतो, फॉर्मला लागतात दोन, फार तर तीन, उरलेले आई डब्यात टाकते, लागतील पुढं म्हणून, आणि पुढं ते कधीच लागत नाहीत कारण पुढच्या फॉर्मवर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं की फोटो अलीकडचाच पाहिजे. असं करत करत २००९ पासूनचा मी त्या डब्यात साचत गेलोय.

मागच्या रविवारी भाचीनं तो डबा दिवाणावर पालथा केला आणि फोटो लाइनीनं लावले. म्हणे, मामा, इथपर्यंत केस आहेत, इथून पुढं नाहीत, आणि हा मधला कोण आहे, हा तर कर्जबाजारी दिसून राहिला. तिला गंमत वाटत होती. मला पण वाटली, पण तो मधला फोटो कोणत्या वर्षाचा ते माझ्या बरोबर लक्षात आहे, त्यावर येतोच.

भाचीचं एम.ए. झालं यंदा. पीएच.डी. करायची म्हणते, आणि तिला कोणीतरी सांगून ठेवलंय की फेलोशिपचं सगळं मामाला माहिती आहे. हे अर्धं खरं आहे. फॉर्म भरायचं मला सगळं माहिती आहे. मिळालेल्या मोजायच्या तर एका हाताची बोटंसुद्धा उरतात, न मिळालेल्यांचा हिशोब डब्यात आहे. मी एका कॉलेजात सीएचबीवर शिकवतो, म्हणजे तास घेतला तर पैसे, उन्हाळ्यात तास नाही तर पैसे पण नाही, आणि नागपूरचा उन्हाळा किती लांब असतो ते इथल्यांना सांगायला नको. तर या अशा माणसाकडं ती वही-पेन घेऊन बसली होती.

पहिला प्रश्न, कुठून सुरुवात करू. मी म्हटलं, वयापासून.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या वेळी जेआरएफला, म्हणजे यूजीसीच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपला, वयाची अट २८ होती आणि मी ओपनमधला, म्हणजे सूट काही नाही. नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, निघाली पण त्याच परीक्षेतून मिळणारी जेआरएफ थोडक्यात हुकली, आणि पुढच्या खेपेला तयारी चांगली झाली तोवर २८ उलटले होते. आता ती अट ३० आहे, मुलींना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट असते, ती तेव्हाही होती. रक्कम तेव्हा महिना १६,०००, २०१४ मध्ये २५,००० झाली, २०१९ मध्ये ३१,०००, आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० आहे. पहिली दोन वर्षं जेआरएफ, मग काम बरं चाललं असेल तर एसआरएफ, म्हणजे सिनिअर, ४२,०००, सगळी मिळून पाच वर्षं. नुसत्या नेटवर मास्तरकीची पात्रता मिळते, रुपया मिळत नाही. नेटशिवायची एक फेलोशिप असते, पीएच.डी.ला महिना ८,०००, पण ती केंद्रीय विद्यापीठातल्यांना. आमचं नागपूरचं विद्यापीठ १९२३ चं असलं तरी राज्याचं. आणि पाऊणशे किलोमीटरवरचं वर्ध्याचं हिंदी विद्यापीठ १९९७ चं, पण केंद्राचं. त्यामुळे वर्ध्याच्या पोराला ते आठ हजार मिळतात, अमरावती रोडवरच्या पोराला नाहीत. मी तेव्हा यावर खूप चिडायचो. आता फक्त सांगतो, म्हणजे कोणी प्रवेश घेण्याच्या आधी विचार करेल.

वयाची गंमत पुढं पण आहे. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या फेलोशिप आहेत, कलाकारांना, लेखकांना, लोककलेवर काम करणाऱ्यांना, दोन वर्षांच्या. २५ ते ४० वयाला ज्युनिअर, महिना १०,०००. चाळीस ओलांडले की सिनिअर, महिना २०,०००. अठरा ते पंचवीसच्या मुलामुलींना शिष्यवृत्ती, महिना ५,०००, गाणं नाच नाटक चित्र शिकायला. म्हणजे मी काहीही न करता, फक्त वाढदिवसाच्या जोरावर, ज्युनिअरचा सिनिअर झालेलो आहे. घरी हे सांगितलं तर आई म्हणाली, चला, कुठंतरी प्रमोशन झालं.

दुसरा प्रश्न, शोधायचं कुठं. आता लोक सांगतात की गूगल कर, आणि गूगल केलं की आधी त्या साइट येतात ज्यांच्यावर हजार फेलोशिपा असतात, त्यातल्या निम्म्या बंद पडलेल्या. माझा मोमिनपुऱ्यातला एक मित्र अल्पसंख्याकांसाठीच्या मौलाना आझाद फेलोशिपच्या भरवशावर दोन वर्षं तयारी करत होता आणि २०२२ मध्ये ती योजनाच बंद झाली, साइटींवर मात्र नंतरही दिसत होती. आणि जे कोणी फॉर्मच्या आधी 'प्रोसेसिंग'चे पैसे यूपीआयवर मागतात त्यांच्याकडं तर बघायचंच नाही.

मला खरा रस्ता दाखवला तो आमच्या सरांनी. मराठीचे रिटायर्ड प्राध्यापक, धरमपेठेत राहतात, मे महिन्यात कूलरसमोर बनियनवर बसून पीएच.डी.चे चॅप्टर तपासतात. मी विचारलं, सर, फेलोशिप कुठं सापडतात. म्हणाले, ऋणनिर्देशात. मला वाटलं गंमत करतात. म्हणे, अबे, तुझ्या विषयावरची दहा चांगली पुस्तकं काढ, प्रस्तावना वाचू नको, ऋणनिर्देश वाच, त्यानं बायकोच्या आधी कोणाचे आभार मानले ते पाहा. मी खरंच राजाराम वाचनालयात बसून तीन दिवस फक्त ऋणनिर्देश वाचले. लोकनाट्यावरच्या, इतिहासावरच्या, मराठी आणि इंग्रजी. आणि साली यादी तयार झाली. कोणी आयसीएसएसआरचे आभार मानलेत, कोणी आयसीएचआरचे, कोणी बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचे, कोणी साहित्य अकादमीच्या प्रवासवृत्तीचे. त्यातून हे पण कळतं की पैसे कशासाठी दिले होते, आणि त्यातून पुस्तक झालं का. जाहिरातीत यातलं काहीच कळत नाही.

भाचीला मी हेच सांगितलं, पण ती म्हणे, एवढा वेळ नाहीये, तू यादीच दे. मग दिली. सामाजिक शास्त्रांना आयसीएसएसआर, १९६९ ची संस्था, पीएच.डी.ला महिना २०,००० आणि वर्षाला तेवढेच किरकोळ खर्चाला, दोन वर्षं. इतिहासवाल्यांना आयसीएचआर, महिना १७,६००. हा सहाशेचा आकडा कोणी काढला असेल याचं मला फार कुतूहल आहे. तिच्या वर्गातल्या बाकीच्यांसाठी राज्य सरकारच्या त्या त्या समाजासाठीच्या संस्था, बार्टी, सारथी, महाज्योती, आदिवासी मुलांसाठी टीआरटीआय, यातली महाज्योती २०१९ ची आणि तिचं मुख्यालय इथंच, आपल्या नागपुरात, तरी पोरं पुण्याला फोन लावत बसतात. एकुलत्या एक मुलीसाठी यूजीसीची सावित्रीबाईंच्या नावानं आहे, पण भाचीला भाऊ आहे, त्यामुळे ती त्याच्याकडं रागानं बघत होती. टागोरांच्या नावाची एक आहे संस्कृती मंत्रालयाची, ती मोठ्यांसाठी, महिना ८०,०००, त्यातच जरा धाकट्यांची ५०,००० ची. भाषांतर करत असशील तर न्यू इंडिया फाउंडेशनची सहा महिन्यांची सहा लाखांची आहे, दहा भारतीय भाषांतून इंग्रजीत, मराठी त्यात आहे. कवितांची वही असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं नवलेखक अनुदान, पहिलं पुस्तक निघायला मदत होते. हे मंडळ १९६० चं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले अध्यक्ष. आणि परदेशी जायचं असेल तर जे. एन. टाटा एंडोमेंट, १८९२ पासून चालू आहे, पण ते कर्ज असतं, फेडायचं असतं. आमच्या गल्लीत एका काकांनी पोराला टाटाची स्कॉलरशिप मिळाली म्हणून पेढे वाटले होते, नंतर कागद वाचला.

बंगळुरूच्या त्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सबद्दल एक वेगळं सांगायचंय. तिथं प्रस्ताव कोणत्याही भारतीय भाषेत पाठवता येतो. साधी गोष्ट आहे, पण ती वाचल्यावर मी राजाराम वाचनालयाच्या बाहेर येऊन चहा प्यायलो होतो. कारण तोवर माझा अर्धा वेळ माझ्याच गावाकडच्या गोष्टीला इंग्रजी शब्द शोधण्यात चालला होता, आणि 'दंडार'ला इंग्रजीत 'फोक थिएटर' म्हटलं की ती तमाशाची चुलत बहीण वाटायला लागते, जी ती नाही.

दंडार म्हणजे, ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी. आमच्या पूर्व विदर्भात, भंडारा गोंदिया चंद्रपूर गडचिरोली, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, आणि रात्री दंडार असते. पुरुषच लुगडी नेसून बाया होतात, ढोलकी, गाणी, सोंगं, मधूनच गावातल्या सरपंचाची उतरवलेली, पहाटेपर्यंत चालतं. माझं आजोळ तिकडलं, त्यामुळे विषय मला घरात मिळाला होता. प्रस्ताव लिहिला, इंग्रजीत, पहिलंच वाक्य असं की विदर्भातली ही लुप्त होत चाललेली लोककला, वगैरे. सरांना दाखवला.

सरांनी पेन्सिलीनं 'लुप्त होत चाललेली' वर काट मारली. म्हणाले, कोणी सांगितलं तुले?

मी म्हटलं, सर, असंच लिहितात.

तू गेला होता का मागल्या मंडईले?

नाही.

मंग कायले मारून राहिला तिले? जाऊन ये आधी.

आता हे सगळ्यांच्या प्रस्तावात असतं बरं का, मी नंतर एकदा दुसऱ्यांचे अर्ज वाचायच्या कामावर होतो तेव्हा पाहिलं, प्रत्येकाची कला मरायला टेकलेली, भाषा शेवटच्या घटका मोजतेय, विहीर आटलीय. पैसे देणाऱ्याला घाई वाटावी म्हणून आपण आधी रुग्ण आयसीयूत टाकतो. मी गेलो. त्या दिवाळीनंतर एसटीनं लाखांदूरपर्यंत, पुढं एकाच्या मोटरसायकलवर, आणि एका गावात रात्रभर बसलो, थंडीत, पोत्यावर. गर्दी अशी की पोरं झाडावर. सकाळी मुख्य शाहिराला, सत्तरीचे असतील, चहाच्या टपरीवर विचारलं, बाबा, लोक म्हणतात दंडार मरून राहिली. ते म्हणाले, "कोन म्हनते जी मास्तर? पोट्टे तं झाडावर चढून पाहातेत. मरन कायचं? पैसे कमी भेटतेत अना लेट भेटतेत, हे लिवा."

मग कळलं की वर्गणी ठरते मंडईच्या आधी आणि जमा होते धान विकल्यावर. धान कधी विकलं जाईल ते खरेदी केंद्र कधी उघडतं त्यावर, तोवर शाहीर, ढोलकीवाला, लुगडी भाड्यानं देणारा, सगळे थांबलेले असतात. तिकडं वडशाला झाडीपट्टीची नाटकं तिकिटावर चालतात, तिथं पैसे रात्रीच मोकळे होतात, म्हणून तरणी पोरं तिकडं जातात. माझा विषयच बदलला. एका रात्रीच्या दंडारीचे पैसे कोण देतो, कधी देतो, आणि तोवर घर कोण चालवतो. हा प्रस्ताव मी मराठीत लिहिला, चार पानांचा, आणि सरांनी त्यावर काटच मारली नाही, फक्त एका ठिकाणी 'अत्यंत' काढला.

शिफारसपत्राचं पण सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. दोन लागतात. मोठ्या माणसाकडं मागायला जावं तर ते म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. तर स्वतःबद्दल 'होतकरू, अभ्यासू व मनमिळाऊ' असं लिहायला मी शिकलो ते तिशीत. एकदा एकाच अर्जाची दोन्ही पत्रं मीच लिहिली आणि दोन्हीत 'मनमिळाऊ' पडलं. तो अर्ज गेला.

तर त्या चार पानांवर मला फेलोशिप मिळाली. संस्थेचं नाव सांगत नाही, आकडाही सांगत नाही, आकडा सांगितला तर तुम्ही ओळखाल. निवडीचं पत्र आलं तेव्हा आईनं देवापुढं ठेवलं, ताई पेढे घेऊन आली, सर फोनवर म्हणाले, आता बोंबलत फिर. आणि मी मूर्खासारखा कॉलेजातले तास सोडले, कारण अटीत लिहिलं होतं की दुसरीकडं कुठं मानधन घेता येणार नाही. तास सोडल्याचं पत्र जोडल्याशिवाय पहिला हप्ता निघणार नव्हता. ते जोडलं. हप्ता निघाला नाही.

का निघाला नाही याची कारणं दर वेळेला वेगळी, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक कारण खरं होतं. बँकेच्या कागदावर नाव आडनावासकट, आधारवर मधलं नाव पूर्ण. मग आमच्याकडचं एक पत्र जावक क्रमांकाशिवाय गेलं. मग आर्थिक वर्ष संपलं, मार्चनंतर नवीन मंजुरी. मग फाइल ज्यांच्याकडं होती त्यांची बदली. जेआरएफवाल्या मित्राचं वेगळंच चालू होतं, त्याच्या फेलोशिपचे पैसे कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून येतात, दर महिन्याला संस्थेनं टिक मारायची असते की हा पोरगा हजर आहे, एक जण मेकर, तो भरतो, दुसरा चेकर, तो तपासतो. त्याच्या कॉलेजातले मेकर लग्नाच्या सुट्टीवर गेले तर चेकरला तपासायला काही नव्हतंच. मित्र दोन महिने मेसवाल्या काकूंना चुकवून मागच्या गल्लीनं जायचा. काकूंना माहीत होतं. त्या पोळ्या पाठवायच्या.

अमरावती रोडनं गाडीवरून जाताना एलआयटीची, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची, इमारत लागते, आता तिचं वेगळं विद्यापीठ झालंय, २०२३ पासून. त्या दिवसांत मी तिच्याकडं बघून हसायचो. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० साली नागपूर विद्यापीठाला पस्तीस लाखांवर रुपये दिले, उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवायला. तेव्हाचे पस्तीस लाख, विचार करा. आणि संस्था सुरू झाली १९४२ मध्ये. बारा वर्षं. म्हटलं, एवढ्या मोठ्या माणसाच्या पैशाला बारा वर्षं लागली तर आपण कोण.

पण तो पैसा थांबू शकत होता, मी नाही. फेलोशिपच्या जाहिरातीत वय, टक्के, जात, उत्पन्न, सगळ्या अटी असतात, एक अट लिहिलेली नसते ती म्हणजे थांबता आलं पाहिजे. ज्याच्या घरी कोणाची पेन्शन आहे, शेती आहे, बायकोची नोकरी आहे, तो थांबतो, त्याचं संशोधन होतं. ज्याच्याकडं नाही तो चौथ्या महिन्यात कोचिंग क्लासला लागतो आणि पाचव्यात आपण म्हणतो की पोरगं सिरियस नव्हतं. माझ्या बॅचचे असे तिघं आहेत, तिघंही माझ्यापेक्षा हुशार. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला मोर्चे अडवतात, त्यात एखादा संशोधक विद्यार्थ्यांचा पण असतो, आणि पेपरात दुसऱ्या दिवशी येतं की ट्रॅफिक जाम झाला.

माझं थांबणं ताईनं केलं. आधी दर महिन्याला थोडे थोडे, मग एके दिवशी तिनं आरडी मोडली, भाऊजींना न सांगता. भाऊजींचं इतवारीत छोटं दुकान आहे, त्यांनी नाही म्हटलं नसतं, पण तिला विचारायचं नव्हतं. पैसे आणून दिले ते किराण्याच्या पिशवीत, वर कोथिंबीर. त्या आठवड्यात मी एका दुसऱ्या फॉर्मसाठी फोटो काढला होता. भाची ज्याला कर्जबाजारी म्हणाली तो हाच.

त्यातून मी पुन्हा मंडईला गेलो. कलाकारांना मानधन द्यायचं असं बजेटमध्ये होतं, ते दिलं, ताईच्या पैशातून. आणि त्याची पावती लागणार म्हणून छापील नमुना नेला होता. शाहीरबाबा चष्मा लावून बघत राहिले.

"हे कायचं?"

"पैसे मिळाल्याची पावती, बाबा."

"तुमाले भेटले का पन?"

मी म्हटलं, नाही अजून.

"मंग तुमी कोनाले देता पावती?" असं म्हणून त्यांनी सही केली, सावकाश, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि खाली गावाचं नाव, तालुका, जिल्हा, जसं शाळेच्या वहीवर लिहितात तसं. मग ढोलकीवाल्यानं केली. लुगडीवाल्यानं अंगठा दिला.

पुढं पैसे आले. आले तेव्हा एकदम आले, आणि सोबत पत्र, की मंजूर रक्कम ३१ मार्चपूर्वी खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे. याला सगळे यूसी म्हणतात, केंद्राच्या पैशाला जीएफआर १२-ए नावाचा नमुना असतो, त्यावर सीएची सही लागते, संस्थाप्रमुखांची लागते. माझे कागद ज्यांच्याकडं गेले त्यांनी दोन हरकती काढल्या. एक, मोटरसायकलच्या प्रवासाचं तिकीट नाही. दुसरी, शाहिरांच्या पावत्यांवर रेव्हेन्यू स्टॅम्प नाही. आता कायद्यानं तो पाच हजारांच्या वरच्या पावतीलाच लागतो आणि माझी एकही पावती तेवढ्याची नव्हती, हे मी सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे तुमचं, पण लावून द्या ना, फाइल चांगली दिसते. एक रुपयाचा स्टॅम्प शोधायला मी महाल, बर्डी, जीपीओ फिरलो. मिळाले तेव्हा वीस घेतले. उरलेले पण डब्यात आहेत, फोटोंच्या खाली.

अहवाल गेला. तो कोणी वाचला की नाही माहिती नाही. दंडारीच्या हिशोबांवर माझा एक लेख छापून आला, त्याची झेरॉक्स शाहीरबाबांना नेऊन दिली, त्यांनी नातवाला वाचायला लावली आणि मधेच थांबवून म्हणाले, वर्गनीचा आकडा चुकला जी, तवा आमाले त्याच्यापेक्षा कमी भेटले होते.

तर काल भाचीचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. शेवटचा दिवस म्हणजे रात्री बारापर्यंत, म्हणजे सगळ्या महाराष्ट्रातली पोरं साडेअकराला बसलेली. ती लॅपटॉपसमोर, मी तिचा फोन धरून, ओटीपी आला की सांगायला, ताई आत भांडी आवरत होती, भाऊजी टीव्ही बारीक करून झोपायचं नाटक करत होते. फोटो पन्नास केबीच्या आत पाहिजे होता, तो दोनशेचा होता, तो कमी करता करता तिचा चेहरा धुरकट झाला. प्रस्ताव तिनं मला आधी दाखवला होता, इतवारीच्या जुन्या दुकानांच्या वहीखात्यांवर, आणि त्यात कुठंही 'लुप्त' नव्हतं, मी शोधून पाहिलं.

वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यापाशी ती थांबली, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, मामा, निवड झाली की पैसे यायला किती दिवस लागतात?

मी म्हटलं, लागतात थोडे, तू भर.

तुला किती लागले होते?

मला नीट आठवत नाही, मी म्हटलं, बरीच वर्षं झाली. तेवढ्यात ओटीपी आला, सहा आकडे, मी वाचून दाखवले, तिनं टाकले, पानावर ते गोल गोल फिरायला लागलं.

"अकरा महिने," ताई आतून म्हणाली.